लेगसी, रोजच्या रस्त्यासाठी

सकाळी सव्वासात

गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, असं मी मालकीणबाईंना सांगितलं होतं. जुनी टर्बो गाडी पहिल्यांदा तपासायची तर इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिन खूप काही लपवतं. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी एक चक्कर फिरवून आणतात ते उगाच नाही.

ऑकलंडच्या पेनरोझ भागात आमचं गॅरेज आहे. शेजारी टायरवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, सुट्या भागांची गोदामं. काम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. इथे आल्यावर जपानी गाड्यांवर हात बसला आणि आता लिफ्टवर चढणाऱ्या गाड्यांत सुबारूच जास्त असतात. आजची आहे २००४ सालची लेगसी जीटी, वॅगन, पाच गिअरची मॅन्युअल. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २८० अश्वशक्ती, ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद. ही पिढी बाजारात आली तेव्हा जपानमध्ये २००३-०४ची ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती, आणि मला विचाराल तर आजही एवढ्या किमतीत इतकी समतोल गाडी मिळणं कठीण आहे.

बाई मूळच्या सोलापूरच्या, मिडलमोरच्या इस्पितळात नर्स आहेत, राहायला पापाकुरात. पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. गाडी घेऊन आठवडा झालाय. त्यांना ती रविवारी पुसून फिरवण्यासाठी नको आहे; रोज कामावर जायला, मुलाला मैदानावर सोडायला, मागे किराणा भरायला हवी आहे. त्यामुळे आजचं काम ठरलेलं आहे. गाडीला वेग आहेच. तिला भरवसा द्यायचा आहे.

किल्ली फिरवायच्या आधी बोनेट उघडतो. डिपस्टिक काढतो: तेल खुणेच्या खालच्या अंगाला, काळं, पण बोटावर चोळलं तर कचकच नाही. कूलंटची टाकी पाहतो. या टर्बो इंजिनाला कूलंटची दोन झाकणं असतात, एक रेडिएटरवर आणि एक वर, इंजिनाच्या सगळ्यांत उंच जागी. वरच्या झाकणाखाली तेलाचा तवंग किंवा तपकिरी चिकटा दिसला असता तर दिवसाची सुरुवात वेगळी झाली असती. काही नाही. कूलंट मात्र फिकट पडलंय.

मग सुरू करतो आणि कान देतो.

सुबारूचं इंजिन आडवं: दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर. थंड असताना पिस्टन सिलिंडरमध्ये जरा सैल असतात, त्यामुळे पहिला मिनिटभर हलकी टकटक येते. धातू तापून फुगला की ती जाते. जायलाच हवी. जी टकटक खोल आवाजाची असते आणि रेस दिल्यावर वाढत जाते, ती बेअरिंगची. ती ऐकली की मी लगेच इंजिन बंद करतो. इथे आवाज दोन मिनिटांत विरला. सायलेन्सरला निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. पांढरा गोडसर वासाचा धूरही नाही. पुढच्या कव्हरमागून मात्र बारीक, कोरडी घरघर येते आहे, एखादं बेअरिंग ग्रीसविना फिरावं तशी. ती लक्षात ठेवतो.

आठ वाजता

इंजिन चालू ठेवून कागद पाहतो. दाराच्या चौकटीवर जपानी स्टिकर अजून आहेत. जपानमध्ये साल सम्राटाच्या कालगणनेने लिहायची पद्धत आहे. ‘हेसेई २१’ म्हणजे २००९. तेल बदलल्याची नोंद, पुढे किलोमीटर: ६७ हजारांच्या वर. हिशेब जुळतो. तिथे नव्या गाडीची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी होते. ती खर्चिक असते, म्हणून पुष्कळ लोक तपासणीची तारीख जवळ आली की गाडी विकून टाकतात. अशा सुस्थितीतल्या गाड्या तिथल्या लिलावात येतात आणि तिथून जहाजाने इथे. ही पाचव्या वर्षी, दुसरी तपासणी तोंडावर असताना विकली गेली असणार.

न्यूझीलंडचं सगळं मोटारजीवन या वाटेने बदललं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले. १९९८ साली गाड्यांवरचं आयातशुल्कही गेलं आणि त्याच वर्षी इथले जोडणी-कारखाने बंद पडले. जपानमध्येही गाडी डावीकडूनच चालवतात, स्टेअरिंग उजवीकडेच असतं, त्यामुळे काही फिरवाफिरव करावी लागली नाही. सामान्य पगारदार माणसाला जिचं नाव फक्त मासिकात दिसायचं ती गाडी इथल्या रस्त्यावर परवडू लागली. मला ही गोष्ट मोलाची वाटते. पण तिची दुसरी बाजू अशी, की या गाड्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि पुढचं अर्धं चार-पाच मालकांच्या खिशात विखुरलेलं.

इथल्या बिलांच्या गठ्ठ्यात एक कामाचा कागद सापडला. २०१४ साल, १ लाख ४ हजार किलोमीटर: टायमिंग बेल्ट बदलला. आता मीटरवर १ लाख ६२ हजार आहेत. किलोमीटर पाहिले तर बेल्ट अजून पुष्कळ चालावा, कारण त्याची मुदत १ लाखाची. वर्षं पाहिली तर दहाच्या वर गेली. रबर किलोमीटर मोजत नाही, उष्णता आणि वर्षं मोजतं. शिवाय बिलावर फक्त ‘बेल्ट’ लिहिलंय. पुल्या, टेन्शनर, पाण्याचा पंप यांचा उल्लेख नाही. सकाळची ती कोरडी घरघर मला आठवते.

बाईंनी गाडी घेताना एकच कागद नीट पाहिला होता: ताजं वॉरंट ऑफ फिटनेस. या वयाच्या गाडीला ते दरवर्षी घ्यावं लागतं. त्यात ब्रेक, टायर, दिवे, स्टेअरिंग, सीटबेल्ट, सांगाड्याचा गंज बघतात आणि ते अत्यंत गरजेचं आहे. पण इंजिनात तेल कुठलं आहे, बेल्ट केव्हाचा आहे, टर्बोला तेल पोचतंय का, हे त्या तपासणीत येतच नाही. गाडी त्या दिवशी रस्त्यावर सुरक्षित होती एवढंच तो कागद सांगतो. ती पुढच्या वर्षी चालेल का, हे त्याला विचारू नये.

साडेआठ

गाडी लिफ्टवर. तेल कोमट झालंय, आता काढायचं. फिल्टर मी टाकून देत नाही, कापतो. आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला की इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते दिसतं. तांबूस चमक म्हणजे बेअरिंग झिजताहेत. लोखंडी भुकटी चुंबकाला चिकटते. आज कागद काळा आहे, पण चमक नाही. माझ्याकडे शिकाऊ असलेला सामोअन पोरगा कागद दोनदा उलटवून बघतो. ही सवय त्याला लागली याचा मला आनंद आहे.

गिअरबॉक्सचं तेलही काढतो. या मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल एकाच तेलात असतात, साडेतीन लिटरच्या आसपास. मागच्या डिफरन्शियलला वेगळं, लिटरभराहून कमी. कुणाला वाटतं गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं असतं. बाहेर आलं ते करडं होतं आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक भुकटीची पेस्ट. तुकडे नाहीत, म्हणजे दात शाबूत आहेत. नवं तेल घातलं की तिसऱ्या गिअरची सकाळची अडखळ जाईल असा अंदाज आहे.

खालून अजून दोन गोष्टी दिसल्या. उजवीकडच्या ॲक्सलचं आतलं रबरी बूट तडकलंय. ते एक्झॉस्टच्या गरम नळीजवळ असतं, त्यामुळे इथे नेहमी आधी जातं. ग्रीस अजून बाहेर उडालेलं नाही, बूट बदललं की भागेल. दुसरी गोष्ट, पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश चिरलेत. खडबडीत रस्त्यावर गाडी सैल वाटते ती त्यामुळे. हे वाईट, पण आजचं नाही.

जपानच्या बर्फाळ भागातल्या गाड्यांना रस्त्यावरच्या मिठाने खालून गंज चढतो. त्यासाठी मागच्या सबफ्रेमवर आणि सिल्सवर टॉर्च फिरवतो. स्वच्छ आहे. या गाडीला तिकडे कुणीतरी नीट जपलंय.

साडेनऊ

टायर. दिवसातलं सगळ्यांत कठीण बोलणं याच विषयावर होणार हे चाकं बघताच कळलं.

मागचे दोन नवे कोरे, खाचांची खोली सात मिलिमीटर. पुढचे दोन वेगळ्याच कंपनीचे, तीन मिलिमीटरवर आलेले. कायद्याने इथे दीड मिलिमीटर चालते, त्यामुळे वॉरंटला काहीच अडचण आली नाही. साध्या गाडीला मीही काही म्हटलं नसतं. पण ही चारही चाकं ओढणारी गाडी आहे. टायरची खाच एक मिलिमीटर झिजली की त्याचा घेर सहा मिलिमीटरहून थोडा जास्त घटतो, आणि सुबारूसाठी चारही टायरच्या घेरातला फरक साधारण सहा मिलिमीटरच्या आत ठेवायचा असतो. मी फितीने मोजतो. पुढे-मागे २४ मिलिमीटरचा फरक. या मापाच्या टायरला, २१५/४५ आर १७ ला, याचा अर्थ असा की पुढची चाकं दर किलोमीटरला मागच्यांपेक्षा सुमारे सहा फेऱ्या जास्त फिरतात. सरळ रस्त्यावरसुद्धा. तो फरक गिळायला मधे एक व्हिस्कस कपलिंग असतं, दाट सिलिकॉन तेलात फिरणाऱ्या चकत्यांचं. ते वळणांवर आणि घसरड्या रस्त्यावर थोडा वेळ काम करण्यासाठी बनवलंय. त्याला पापाकुरा ते मिडलमोर रोज, दोन्ही वेळा, मोटरवेवर सतत घासायला लावलं तर ते तापून जाम होतं. मग अरुंद पार्किंगमध्ये वळताना गाडी धरल्यासारखी अडते, आणि गिअरबॉक्स उघडावा लागतो.

फोन लावला. बाई सुट्टीच्या दहा मिनिटांत होत्या.

“दादा, मागचे तर नवीन आहेत. पुढचे दोनच बदलले तर?”

“त्याच कंपनीचे, त्याच जातीचे मिळाले तर चालेल, ताई. तेवढ्यासाठी चौकशी करतो. पण पुढे तिसरीच कंपनी नको.”

“आणि नाही मिळाले तर?”

“तर चारही. हजार डॉलरच्या घरात जाईल. गिअरबॉक्स त्याच्या कितीतरी पट आहे.”

पलीकडे शांतता. गाडी घेतल्यावर लगेचच असा खर्च ऐकणं जड जातं, हे मला माहीत आहे. त्यांनी विचारलं, “आज कशाला पैसे घालायचेच, ते सांगा.” हा योग्य प्रश्न होता. मी सांगितलं: बेल्ट आणि त्याच्या बरोबरीचं सगळं, तेलं, कूलंट, ॲक्सलचं बूट. टायर या आठवड्यात. बुश पुढच्या पगारानंतर. बाकीची हौस त्यानंतर.

साडेदहा ते एक

बेल्ट. या कामात मी फोन उचलत नाही आणि गॅरेजमधला रेडिओ बंद करायला सांगतो.

रेडिएटरचे पंखे काढले की जागा होते. पुढची पुली, प्लास्टिकची कव्हरं, आणि मग तो लांबलचक दातेरी पट्टा दिसतो, खालच्या क्रँकपासून डावी-उजवीकडच्या चार कॅमपर्यंत नागमोडी गेलेला. हा तुटला किंवा दात चुकून सरकला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. दोन-दोन कॅमच्या या इंजिनात व्हॉल्व्ह एकमेकांवरही आदळू शकतात. टायमिंग बेल्टची किंमत त्या अर्थाने इंजिनाएवढी असते.

घरघर सापडली. दातेरी आयडलर पुली बोटाने फिरवली तर भिरभिर फिरत राहिली. आतलं ग्रीस संपलंय. चांगली पुली ग्रीसमुळे जरा जड फिरते, अर्ध्या फेरीत थांबते. म्हणजे २०१४ साली खरोखरच फक्त बेल्ट बदलला गेला, आणि या पुल्या कारखान्यातून आलेल्याच आहेत. पट्टा उत्तम असता तरी पुली जाम झाल्यावर तो टिकला नसता. म्हणून माझा आग्रह असतो: बेल्ट, सगळ्या पुल्या, टेन्शनर, आणि त्याच बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंप हे एकत्रच बदलावं. मजुरी एकदाच लागते.

जुना पट्टा काढायच्या आधी सगळ्या खुणा जुळवायच्या. पोराला मी एक-एक दाखवतो. क्रँकवर बाण असतो तो वेगळा आणि जुळवायची रेघ वेगळी. नवखा माणूस बाण वर ठेवतो आणि तिथेच फसतो. डाव्या बाजूचे कॅम व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दाबाखाली उभे असतात. पट्टा सुटला की ते झटक्याने फिरू शकतात आणि त्या झटक्यातही व्हॉल्व्ह वाकतो. आम्ही त्यांना धरणारं हत्यार लावतो. नव्या पट्ट्यावर रेघा छापलेल्या असतात, पण मी रेघांवर भरवसा ठेवून थांबत नाही, मधले दात मोजतो. पोरगाही मोजतो. दोघांचा आकडा जुळला की पुढे.

टेन्शनरची पिन उपसली. आता घाई करायची नाही. दट्ट्या आपोआप बाहेर येऊन पट्टा ताणतो. मग हाताने, लांब पान्याने क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवली. कुठे अडत नाही, खुणा पुन्हा जुळल्या.

अजून एक छोटा भाग राहिला आणि तो पुष्कळ ठिकाणी लावायचाच राहून जातो. मॅन्युअल गाडीत क्रँकच्या दातेरी चाकापाशी एक वाकडी पट्टी असते, बेल्ट गाईड. गाडी चढावर गिअरमध्ये उभी केली आणि ती जराशी मागे सरकली तर इंजिन उलटं फिरतं; अशा वेळी पट्टा दात सोडू नये म्हणून ही पट्टी. तिच्यात आणि पट्ट्यात फक्त एक मिलिमीटरची फट ठेवायची असते. फीलर गेज घालून ठेवली. ऑकलंड सगळं टेकड्यांवर वसलंय, आणि या गाडीला रोज रात्री उतारावर उभं राहायचंय.

कव्हरं बंद केल्यावर बोनेटच्या आत स्टिकर लावलं: तारीख, किलोमीटर, आणि काय-काय बदललं त्याची पूर्ण यादी. पुढच्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागू नये.

एक वाजता

डबा. वांग्याची भाजी, चपाती, दही. पोराला मी सांगत होतो, की सुबारूने जागतिक रॅली मालिकेतला पहिला विजय न्यूझीलंडमध्येच मिळवला, १९९३ साली, कॉलिन मॅक्रेने, आणि गाडी इम्प्रेझा नव्हती, लेगसी होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. पॉसम बॉर्न मात्र ठाऊक होता. पुकेकोहेचा रॅलीपटू, इथून मोटरवेने दक्षिणेला गेलं की त्याचं गाव.

पावणेदोन

पाण्याचा पंप बदलला म्हणजे कूलंट नवं. भरणं सोपं, हवा काढणं किचकट. आडव्या इंजिनात आणि टर्बोच्या नळ्यांत हवेचे फुगे अडकतात. तसंच सोडलं तर तापमानाचा काटा मधेच वर जातो आणि हीटर गार हवा फेकतो. वरच्या टाकीतून सावकाश ओततो, खालचा मोठा होजपाइप हाताने दाबतो, पुन्हा ओततो. इंजिन चालू करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखे दोनदा फिरून बंद होईपर्यंत वाट बघतो. याला पाऊण तास लागतो आणि तो वाचवण्यात अर्थ नाही.

त्या वेळात टर्बोकडे वळतो. टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या टोकाला एक पोकळ बोल्ट असतो, त्यात बारीक जाळी. तेल वेळेवर बदललं नाही की गाळ तिथे बसतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि तो फक्त तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. जाळी चोंदली की त्याचं आयुष्य उरत नाही. पुढे बेअरिंगचे कण तेलातून इंजिनात जातात. बाहेर काढलेली जाळी अर्धी भरलेली होती. नवा बोल्ट, नवे तांब्याचे वॉशर. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला: जराशी आडवी हालचाल असते ती आहे, पुढे-मागे काही नाही.

आणि मग तो व्हॉल्व्ह. आधीच्या कुणा मालकाने मूळचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह काढून बाहेर हवा सोडणारा बसवलाय. गिअर बदलताना ‘फिस्स’ असा मोठा आवाज येतो आणि पोरांना तो फार आवडतो. माझ्या शिकाऊ पोरालाही. मी त्याला स्कॅनरवर दाखवलं. या इंजिनात आत येणारी हवा फिल्टरपाशीच मोजली जाते आणि त्या मापाने पेट्रोल सोडलं जातं. मोजलेली हवा वाटेतच बाहेर फेकली तर पेट्रोल जास्त होतं, गिअर बदलताना गाडी अडखळते, प्लग काळे पडतात. मूळ व्हॉल्व्ह ती हवा परत आतच वळवतो. सुदैवाने जुना भाग डिकीत सुट्या चाकाखाली ठेवलेला सापडला. बसवला.

माझं मत याबाबत पक्कं आहे. रोज चालवायची गाडी कारखान्याने दिली तशी असावी. सुबारूच्या ओटा इथल्या कारखान्यातल्या इंजिनिअरांनी तिला थंडीत, उकाड्यात, ट्रॅफिकमध्ये चालवून पाहिलेली असते. त्यातला एक भाग बदलला की ती सगळी परीक्षा रद्द होते. इथे मोठ्या बदलांना वेगळं प्रमाणपत्र लागतं, त्याची पट्टी गाडीवर ठोकतात, आणि ती नसेल तर वॉरंट आणि विमा दोन्ही अडतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

साडेतीन

रस्त्यावर. स्कॅनर जोडलेला, पोरगा शेजारी आकडे वाचतोय. पहिले दहा किलोमीटर काही जोर नाही. तापमानाचा काटा पाण्याचा असतो; तो मध्यावर आला तरी तेल तापायला अजून वेळ लागतो.

मग दक्षिणेकडे मोटरवेने. बॉम्बे हिल्सचा चढ माझ्या कामाचा: लांब, सलग, शंभरच्या मर्यादेत राहून इंजिनावर भार टाकता येतो. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला. टर्बो अडीच हजारांच्या आसपास जागा होतो आणि पुढे ताकद एका लयीत चढत जाते. या लेगसीचा आवाज जुन्या सुबारूंसारखा घुमत नाही. ट्विन-स्क्रोल टर्बोला चारही सिलिंडरच्या नळ्या सारख्या लांबीच्या लागतात, त्यामुळे तो घुमारा जातो आणि गुळगुळीत गुणगुण उरते. मला ती जास्त आवडते. दमून घरी परतणाऱ्या माणसाला ती बरी.

“बॉस, टायमिंग मागे घेतंय,” पोरगा म्हणाला.

स्कॅनरवर दिसतं, भार आला की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा देतोय. म्हणजे नॉकिंगची चाहूल. टाकीत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल आहे, बाईंनीच सांगितलं होतं. जपानमध्ये ही गाडी ज्या पेट्रोलवर बसवली ते साधारण १०० ऑक्टेनचं. इथे पंपावर ९१, ९५ आणि काही ठिकाणी ९८ मिळतं. खाली उतरून ९८ भरलं, परत येताना तोच भार दिला, आकडा बराच निवळला. लिटरमागे काही सेंट जास्त पडतील. ते द्यावेच लागतील. पिस्टनच्या रिंगांमधली धार नॉकिंगने तुटते आणि तिला दुरुस्ती नसते.

गिअर अजूनही लोण्यासारखा पडत नाही, पण तिसऱ्याची अडखळ गेली.

साडेपाच

बाई मिडलमोरहून ट्रेनने पेनरोझला उतरून चालत आल्या. गणवेशावर जाकीट, पायात बूट, दिवसभराचा थकवा. तरी गाडीभोवती एक फेरी मारलीच. मी काढलेला पट्टा, कोरडी पुली, अर्धी चोंदलेली जाळी बाकावर मांडून ठेवली होती. पुली त्यांनी स्वतः फिरवून पाहिली, मग नवी. फरक त्यांना बोटांना कळला.

“हे सगळं ठीक, दादा. पण रोज नेली तर चालेल ना? लोक म्हणतात, असल्या गाड्या रोज वापरायच्या नसतात.”

“उभी राहिली तर जास्त बिघडेल, ताई. रोज न्या. फक्त तिच्या वेळेने न्या.”

मग त्यांना बसवून सांगितलं. पहाटे सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवू नका. अर्ध्या मिनिटात निघा, पण पहिली पंधरा मिनिटं तीन हजारांच्या वर नेऊ नका. पापाकुराहून मोटरवेला लागेपर्यंत तेवढा वेळ होत नाही, तेव्हा मोटरवेवरही सुरुवातीला डाव्या लेनमध्ये, सबुरीने. पाचव्या गिअरमध्ये दोन हजारांवर असताना पाय पूर्ण दाबून ओव्हरटेक करायचं नाही. आधी गिअर खाली, मग पाय. कमी फेऱ्यांत जास्त भार हा या इंजिनाला सगळ्यांत घातक. घर जवळ आलं की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने. टर्बोला पाण्याने थंड ठेवायची सोय आहे, बंद करण्याआधी अंगणात ताटकळत बसायची गरज नाही.

तेल मात्र स्वतः बघायचं. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भराल तेव्हा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. या डिपस्टिकच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पातळ्या दिसतात. कमी दिसेल ती खरी धरा. त्यांनी ते दोनदा करून पाहिलं. रुग्णाचा तक्ता दर पाळीला भरणाऱ्या बाईंना ही नोंद ठेवायचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी लगेच फोनमध्ये तारीख आणि किलोमीटर टाकले.

रेडिओचं त्यांनी विचारलं. हा जपानी रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून ९० पर्यंतच पकडतो आणि इथली केंद्रं ८८ ते १०८ मध्ये आहेत, त्यासाठी बँड एक्स्पांडर लागतो. तो गाडीत आहे, पण वायर निखळलेली. पाच मिनिटांचं काम, ते पोराने तिथल्या तिथे केलं.

सव्वासहा

जॉबकार्ड. आज बदललेलं एका बाजूला, राहिलेलं दुसऱ्या बाजूला, तातडीच्या क्रमाने. मागच्यांसारखेच टायर एका गोदामात दोन मिळाले, शनिवारी सकाळी बसवून व्हील अलाइनमेंट करायची. त्या आधी मोटरवेवर जायचं नाही. तोवर त्या ट्रेननेच जाणार आहेत. आजचं नवं तेल पाच हजार किलोमीटर ठेवणार नाही. नवं तेल जुना गाळ सोडवून आणतं, तेव्हा पहिली बदली दोन हजारांवर, त्या वेळी फिल्टर पुन्हा कापणार आणि ती जाळीही पुन्हा उघडून बघणार. त्यानंतर नेमाने पाच हजारांना. प्लग त्याच खेपेला. आडव्या इंजिनात ते सांगाड्याकडे तोंड करून असतात, अर्धा दिवस लागतो. बुश पुढच्या महिन्यात. ब्रेकचं तेल हिवाळ्याआधी.

बाईंनी यादीचा फोटो काढला, बुशपुढे पगाराची तारीख लिहिली, आणि किल्ली माझ्याकडेच ठेवून स्टेशनकडे निघाल्या. पोराने शनिवारी सकाळी आठची वेळ फळ्यावर लिहिली. मी गोदामाला फोन करून ते दोन टायर राखून ठेवायला सांगितले.